गर्भवती भगिनींचे पाय : प्रश्न संघटनेचाच



गेल्या महिन्यात संघटनेच्या कामानिमित्त आमचे छत्तीसगडात जाणे झाले. भिलईच्या पोलाद कारखान्याच्या दक्षिणेला, दुर्ग जिल्ह्यात, उतई नावाचे गाव आहे. आता तेथे नगर पंचायत आहे, केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्रही आहे. दुर्गहून दल्ली राजहराकडे जाणाऱ्या लाईनवरील मरोदा स्टेशन तेथून फार लांब नाही. हा मुलूख १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता. शिवाय रेल्वेच्या नोकरीमुळे नागपूर, भंडारा, गोंदियाकडची कितीतरी कुटुंबे इकडे येऊन स्थायिक झाली. त्यामुळे उतईत एका जुन्या सहकाऱ्याच्या अंगणात बैठक भरली, तेव्हा निम्मे बोलणे मराठीत आणि निम्मे छत्तीसगडीत चालले होते.

बैठकीचे विषय नेहमीचेच. रिकाम्या जागा, रोस्टर, क्वार्टरची गळती. भगिनी नेहमीप्रमाणे मागे बसल्या होत्या. दोन तासांनी चहा आला, सगळे उठले, पण गँगमध्ये काम करणारी एक भगिनी बसूनच राहिली. तिला सातवा महिना होता. तिने पायात नवऱ्याच्या रबरी चपला घातल्या होत्या. आम्ही सहज विचारले, "बाई, खात्याचे बूट मिळाले नाहीत का?" ती म्हणाली, "मिळाले ना भाऊ. पण पायात जातच नाहीत."

मग एकेक भगिनी बोलू लागली. खेड्यापाड्यांत डाक वाटणारी एकजण म्हणाली, पाचव्या महिन्यापासून सायकल सोडली, आता थैली घेऊन पायीच जाते, संध्याकाळी घोट्याला बोट दाबले की खळगा पडतो. फलाटावर ठेकेदाराकडे झाडलोट करणारी म्हणाली, बसलेली दिसले तर खाडा लागतो. काउंटरवर काम करणारी म्हणाली, मला तर बसूनच काम आहे, तरी पाय सुजतातच. खुर्ची उंच, पाय दिवसभर खाली लोंबकळत राहतात. कोणाचे नाव किंवा कार्यालय आम्ही येथे लिहीत नाही. दोष एखाद्या कार्यालयाचा नाही, सगळीकडे रूढ झालेल्या पद्धतीचा आहे.

आम्ही तीस वर्षे संघटनेचे काम करीत आहोत. बुटांसाठी भांडलो, रेनकोटासाठी भांडलो, हातमोज्यांसाठी भांडलो. पण मिळालेला बूट पायात का जात नाही, हा प्रश्न आमच्या विषयपत्रिकेवर कधी आला नाही. कबूल करावयास हवे की तो आमच्या घरातही आला नाही. आमच्या घरी दोन बाळंतपणे झाली. घरच्या मंडळींचे पाय सुजत, रात्री पोटरीत गोळे येत. आम्ही मात्र ड्युटीवरून आलो की आपल्याच पायांना तेल लावून घेत होतो! "दोन जिवांची बाई, पाय सुजायचेच," असे म्हातारी माणसे म्हणत आणि आम्ही मान डोलवीत असू. आज या जागेवरून त्याच पायांबद्दल लिहावयाचे ठरविले आहे.

पायांत नेमके काय होते?

आम्ही मॅट्रिक शिकलेले. वैद्यकशास्त्र आमचे नव्हे. परंतु डॉक्टर मंडळींकडून जे समजून घेतले, ते साध्या शब्दांत सांगतो.

पहिली गोष्ट पाण्याची. गर्भारपणात बाईच्या अंगातले रक्त जवळजवळ दीडपट होते आणि शरीरात पाण्याचा साठाही वाढतो. दुसरीकडे वाढत्या गर्भाशयाचा भार ओटीपोटातल्या शिरांवर पडतो. पायांकडून वर हृदयाकडे जाणारे रक्त तेथे अडते. बाई उभी असली किंवा पाय खाली सोडून बसली, की पाणी घोट्यांत आणि पावलांत उतरते. म्हणून सकाळी पाय बरे असतात, दुपारपासून जड होतात आणि ड्युटी संपताना चपलेचा पट्टा रुततो. रक्त अडल्यामुळे पोटरीवरच्या शिरा निळ्या, गाठीगाठींच्या दिसू लागतात, त्यांनाही ठणक लागते.

दुसरी गोष्ट सांध्यांची. बाळंतपणासाठी कमरेची हाडे मोकळी व्हावीत म्हणून शरीरात जे स्राव तयार होतात, ते सांध्यांना बांधून ठेवणारे बंध सैल करतात. ते स्राव कमरेपुरते थांबत नाहीत, पावलांपर्यंत पोहोचतात. तळव्याची कमान खाली बसते, पाऊल पसरते. त्यात दहा-बारा किलो वजनाची भर. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातील संशोधकांनी ४९ गर्भवती स्त्रियांच्या पावलांची मोजमापे प्रथम गर्भारपणाच्या सुरुवातीला आणि पुन्हा बाळंतपणानंतर काही महिन्यांनी घेतली. २०१३ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला, की निम्म्याहून अधिक स्त्रियांचे पाऊल लांब झाले होते आणि कमान खाली गेली होती. पहिल्या बाळंतपणात हा बदल अधिक दिसला. सूज उतरते, पण वाढलेले पाऊल पुष्कळदा तसेच राहते. म्हणजे भरतीच्या वेळी कागदावर लिहिलेले बुटाचे माप पहिल्या मुलानंतर खोटे ठरते, आणि स्टोअरमध्ये मात्र तेच माप वर्षानुवर्षे चालत राहते!

तिसरी गोष्ट तोलाची. पोट पुढे येते तसा शरीराचा भार पुढे सरकतो. तोल सांभाळण्यासाठी बाई कंबर मागे वाकवते, पाय फाकून, डुलत चालते. लोक या चालीची थट्टा करतात. तिला स्वतःचे पाऊल कोठे पडते तेही नीट दिसत नाही. सपाट रस्त्यावर हे निभते. पण गँगमधील भगिनीला रुळालगतच्या गिट्टीवरून चालावयाचे असते, स्लीपरवरून स्लीपरवर पाय टाकावयाचा असतो आणि गाडी आली की चटकन बाजूला व्हावयाचे असते. अमेरिकेतच नोकरी करणाऱ्या स्त्रियांच्या एका पाहणीत असे आढळले, की गर्भारपणात चारांपैकी एक तरी स्त्री पडली होती. तेथे फरशी, गालिचे आणि जिने होते. आपल्याकडे गिट्टी आहे.

चौथी गोष्ट रात्रीची. दिवसभर उभ्या राहिलेल्या पायांत रात्री पोटरीला गोळा येतो, बाई झोपेतून किंचाळून उठते. काहींच्या पायांना सारखी हुळहुळ होते, पाय हलविल्याशिवाय चैन पडत नाही. अंगात रक्त आणि लोह कमी असले तर हा त्रास अधिक होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील निम्म्याहून अधिक गर्भवती स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले आहे. रात्री झोप नाही, आणि सकाळी सहाला हजेरी!

सूज कोणती साधी, कोणती घातकी?

संध्याकाळी दोन्ही पायांना येणारी आणि रात्री उतरणारी सूज बहुधा साधी असते. पण प्रत्येक सूज साधी समजून चालणार नाही. पुढील लक्षणे प्रत्येक घरात आणि प्रत्येक शाखेत पाठ असावीत.

सूज एकाएकी चेहऱ्यावर व हातांवर आली, डोके ठणकू लागले, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमक आली, बरगडीखाली पोटात दुखू लागले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पाचव्या महिन्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर गेला आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागली, तर त्या विकारात पुढे झटके येऊन आई आणि मूल दोघांच्या जिवावर बेतू शकते.

एकच पाय सुजला, पोटरी लाल, गरम झाली, हात लावताच दुखू लागली, तर शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. अशा पायाला चोळू नये, मालीश करू नये, तेल लावून घरी बसू नये. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर माणूस हाती लागत नाही.

छत्तीसगड आणि आपल्या विदर्भासाठी आणखी एक सांगणे आहे. या पट्ट्यात सिकलसेलचा आजार पुष्कळ कुटुंबांत आहे. त्या बाईचे हातपाय, हाडे दुखू लागली तर ते गर्भारपणाचे साधे दुखणे समजू नये. रक्ताची ती तपासणी सुरुवातीलाच करून घ्यावी.

हे सारे कशासाठी सांगतो? नमुना नोंदणी पद्धतीच्या २०१८-२० च्या आकड्यांनुसार दर एक लाख जिवंत जन्मांमागे महाराष्ट्रात ३३ माता दगावल्या, साऱ्या देशात ९७ आणि छत्तीसगडात १३७. हा आकडा पूर्वीपेक्षा कमी झाला आहे हे खरे. पण राजनांदगाव आणि गोंदिया यांच्यामध्ये रेल्वेचे अंतर ते किती? तेवढ्या अंतरात आईच्या जिवाची हमी इतकी बदलावी काय?

मरोद्याहून पुढे गेलेली लाईन

मरोद्यावरून जाणारी ही लाईन पुढे बालोदमार्गे दल्ली राजहराला पोहोचते. तेथल्या लोखंडाच्या खाणींतला लाल दगड भिलईत येतो, त्याचे रूळ होतात आणि त्याच रुळांवर आपण सारे भाकरी कमावतो. त्या खाणींत ठेकेदारांकडे स्त्री-पुरुष मिळून हातांनी दगड फोडीत, ट्रक भरीत. १९७७ साली शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी आपली युनियन उभारली. त्याच वर्षी २ आणि ३ जूनला तेथे गोळीबार झाला आणि अकरा कामगार ठार झाले.

त्या युनियनच्या एक उपाध्यक्षा होत्या, कुसुमबाई. १९७९ साली त्या बाळंतपणात मरण पावल्या. उपचारात हयगय झाली असे कामगारांचे म्हणणे होते. हजारो खाणकामगार इस्पितळापुढे जमले. त्या वेळी तोडफोड करणे सोपे होते. पण त्यांनी निश्चय केला, की आपण आपले इस्पितळ बांधू, म्हणजे दुसऱ्या आईवर ही पाळी येणार नाही. १९८२ च्या २६ जानेवारीला युनियनच्या जागेत छोटा दवाखाना सुरू झाला. ३ जून १९८३ रोजी, गोळीबारातील हुतात्म्यांच्या स्मरणार्थ, शहीद हॉस्पिटलचे दार उघडले. वर्गणी कामगारांची, श्रमदान कामगारांचे. नियोगींचा २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलईत खून झाला, पण ते इस्पितळ बंद पडले नाही.

आम्ही हे सांगतो ते कोणत्या झेंड्याची बाजू घेण्यासाठी नव्हे. बाळंतीण ही युनियनची जबाबदारी आहे, असे ज्यांना उमगले ते शिकलेसवरलेले पुढारी नव्हते; दगड फोडणारे कामगार होते. ते इस्पितळ उभारू शकले. आपल्याला बसावयास एक स्टूल आणि मापाचा बूट मिळविता येऊ नये?

कायदा काय म्हणतो?

बाळंतपणाच्या रजेचा हक्क आकाशातून पडलेला नाही. ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक आणले, ते नापास झाले. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात पुन्हा विधेयक आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. बाळंतपणाआधी आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ साली मुंबई इलाख्यात कायदा झाला. पुढच्याच वर्षी आपल्या मध्य प्रांतातही झाला. स्वातंत्र्यानंतर १९६१ चा देशव्यापी प्रसूती लाभ कायदा आला आणि २०१७ साली रजा २६ आठवड्यांची झाली. आता त्या तरतुदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेल्या आहेत आणि संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे.

रजेचे आठवडे सर्वांना ठाऊक आहेत. पण १९६१ पासून चालत आलेले एक कलम फारच थोड्यांनी वाचले असेल. ते सांगते की गर्भवती स्त्रीने विनंती केल्यास, अपेक्षित प्रसूतीच्या आधीचे सहा आठवडे आणि त्यापूर्वीचा एक महिना या काळात तिला कष्टाचे किंवा दीर्घकाळ उभे राहण्याचे काम देता येत नाही. या सहा आठवड्यांत ती रजेवर नसेल तर तेव्हाही हाच नियम. आणि हलके काम दिले म्हणून तिची मजुरी कापता येत नाही. उभे राहण्याचा त्रास कायदे करणाऱ्यांना साठ वर्षांपूर्वी कळला होता!

पण त्यात दोन फटी आहेत. पहिली फट, "विनंती केल्यास" हे शब्द. विनंती करणार कोण? मुकादमापुढे "माझे पाय सुजतात" असे सांगावयास बाईला लाज वाटते. ठेकेदाराकडच्या बाईला काम जाण्याची भीती वाटते. दुसरी फट मुदतीची. हिशेब केला तर हे संरक्षण साधारण आठव्या महिन्याच्या तोंडाशी सुरू होते. पाय मात्र पाचव्या-सहाव्या महिन्यापासून बोलू लागतात.

आपल्यापैकी रेल्वे आणि टपाल खात्यातील कायम भगिनींना खात्याचे रजानियम लागू आहेत. पहिल्या दोन मुलांसाठी १८० दिवसांची रजा आहे, २००८ पासून मुलांच्या संगोपनासाठी वेगळी रजाही आहे. ग्रामीण डाक सेवक भगिनींनाही २०१८ च्या सुधारणेनंतर सुमारे सहा महिन्यांची प्रसूती रजा मिळू लागली. हे सारे लढून मिळविले आहे आणि त्याचे मोल आम्ही जाणतो. पण रजा ही घरी बसलेल्या दिवसांची. ड्युटीवर असलेल्या दिवसांत तिचे काय? बहुतेक भगिनी पुढे बाळाजवळ राहता यावे म्हणून रजा वाचवितात आणि नवव्या महिन्यापर्यंत कामावर येतात. त्या दिवसांसाठी रेल्वे डॉक्टरांचा हलक्या कामाचा दाखला मिळू शकतो. पण दाखला हाती आला तरी "हलके काम आमच्याकडे नाही" हे उत्तर तयार असते.

ठेकेदाराकडच्या भगिनींनी हेही ध्यानात घ्यावे, की मागील बारा महिन्यांत ८० दिवस काम भरले असेल तर प्रसूती लाभाचा हक्क त्यांनाही आहे. दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरील स्त्रियांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितले, की मस्टरवरची मजूर म्हणून तिला हा लाभ नाकारता येणार नाही.

बसण्याच्या हक्काचे ताजे उदाहरण केरळचे आहे. तेथे कापडाच्या दुकानांत विक्रीचे काम करणाऱ्या स्त्रियांना दिवसभर उभे राहावे लागे, भिंतीला टेकले तरी पगार कापीत. कोळिकोडच्या बायांनी संघटना बांधली, वर्षानुवर्षे लढल्या. २०१८ साली केरळ सरकारने कायदा बदलून दुकानात बसण्याची सोय सक्तीची केली. २०२१ साली तामिळनाडूनेही केली. साडी विकणाऱ्या बाईला जे मिळाले, ते गर्भवती तिकीट तपासनीस भगिनीला आणि फलाट झाडणाऱ्या बाईला मिळावयास नको काय?

आपल्यातलेच आक्षेप

प्रशासनाशी भांडण्यापूर्वी आपल्यातल्याच काही बंधूंशी बोलावे लागेल. उतईच्या बैठकीतही हे आक्षेप निघाले.

एक बंधू म्हणाले, "बरोबरीची नोकरी मागितली, मग सवलत कशाला?" आम्ही त्यांना विचारले, गेल्या वर्षी तुमचे हर्नियाचे ऑपरेशन झाले, तेव्हा किती आठवडे हलके काम केले? तेव्हा कोणी बरोबरीची भाषा केली होती काय? ते हसले आणि खाली बसले.

दुसरे म्हणाले, "तिची बीट कमी केली की आमच्यावर भार पडतो." हे खरे आहे, आणि आम्ही ते झाकून ठेवणार नाही. पण भार पडतो तो तिच्या पोटातल्या बाळामुळे नव्हे, रिकाम्या ठेवलेल्या जागांमुळे. रजेवर आणि हलक्या कामावर जाणाऱ्यांच्या बदली माणसे देणे हे प्रशासनाचे काम. ते काम न केल्याचा राग शेजारी फावडे मारणाऱ्या भगिनीवर काढू नका.

तिसरे वयस्क होते. म्हणाले, "आमच्या आया शेवटच्या दिवसापर्यंत शेतात राबत." राबत होत्या, खरे आहे. पण त्यांना न राबण्याची सोय होती काय? आणि त्यांच्यातल्या किती जणी बाळंतपणात गेल्या, किती जणींचे पाय आणि कंबर जन्मभर दुखत राहिली, याची मोजदाद कोणी ठेवली?

आपण आजपासून काय करावे?

भगिनींसाठी प्रथम. अर्धा तास सलग उभे राहिल्यावर टाचा उचला, पुन्हा टेका, घोटे गोल फिरवा. पोटरीचा स्नायू हलला की रक्त वर ढकलले जाते. बसावयाचे काम असेल तर पायांखाली पेटी किंवा पाट घ्या, तासाने उठून चार पावले चाला. घरी आल्यावर अर्धा तास पाय उशीवर उंच ठेवा. झोपताना डाव्या कुशीवर, गुडघ्यांत उशी घेऊन झोपा. पोटरीत गोळा आला तर गुडघा सरळ करून पायाची बोटे आपल्याकडे ओढा. सूज येते म्हणून पाणी पिणे कमी करू नका. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात १८० दिवसांसाठी मिळतात, त्या मध्येच सोडू नका.

चप्पल-बूट संध्याकाळी घ्या, कारण तेव्हा पाऊल सर्वांत मोठे असते. पंजाकडे रुंद, टाच बसकी, मागे पट्टा असलेले घ्या. रबरी सपाता घालून गिट्टीवर चालू नका. जोडवी आणि पैंजण घट्ट होण्याआधीच काढून ठेवा. छत्तीसगडात सातव्या महिन्यात सधौरी करतात, आपल्याकडे डोहाळजेवण होते. ओटी जरूर भरा, पण त्या दिवशी रुतलेली जोडवी कापून काढण्याची वेळ येऊ देऊ नका. सौभाग्य पायाच्या बोटाला रुतविण्यात नाही.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. ही योजना २०१६ पासून आहे. छत्तीसगडातल्या भगिनींनी आपल्या मितानिनीला विचारावे. मितानिन म्हणजे मैत्रीण. देशात आशा सेविका येण्याआधी, २००२ पासून, त्या राज्यात या बाया घरोघर पायी फिरून हेच सांगत आल्या आहेत.

घरच्या बंधूंनी पाणी भरणे, बाजार, जिन्यावरची ने-आण आपल्याकडे घ्यावी. रात्री तिच्या पायांना हलक्या हाताने, खालून वर, तेल लावावे. आम्ही ते केले नाही. तुम्ही करा.

शाखांसाठी आमच्या सूचना अशा :

१. प्रत्येक शाखेने एका भगिनीची नेमणूक करावी. गर्भवती भगिनीने तिला कळविले की हलक्या कामाचा अर्ज शाखेने लिहावा आणि सचिवाने स्वतः नेऊन द्यावा. पोच घ्यावी.

२. हलके व बसून करावयाचे काम आठव्या महिन्यापासून नव्हे, डॉक्टरांनी सांगितल्यास पाचव्या महिन्यापासून मिळावे, पगारात व भत्त्यात कपात न होता.

३. गँग, गेट, फलाट, सॉर्टिंग, काउंटर, प्रत्येक जागी पाठ असलेले आसन आणि पाय ठेवावयास पाट असावा. जवळपास स्वच्छ संडास असावा. संडास नाही म्हणून बाया पाणी पीत नाहीत, हे पुरुषांना सांगितल्याशिवाय कळत नाही.

४. बुटाचे माप गर्भारपणात आणि बाळंतपणानंतर पुन्हा घ्यावे, वर्षाचा कोटा संपला असे उत्तर चालणार नाही.

५. गर्भवती भगिनीला गिट्टीवरची एकटीची फेरी आणि रात्रपाळी देऊ नये.

६. ठेकेदाराच्या करारात या अटी लिहून घ्याव्यात. मुख्य मालक म्हणून जबाबदारी खात्याची राहील.

हे विषय पुढच्या पी.एन.एम. बैठकीच्या यादीवर आलेच पाहिजेत, आणि शेवटचा "इतर विषय" म्हणून नव्हे.

उतईच्या त्या भगिनीचे काय झाले, असे वाचक विचारतील. बैठक संपण्यापूर्वीच अंगणातल्या खाटेवर बसून तिचा अर्ज लिहिला. सही करताना ती म्हणाली, "भाऊ, एवढ्यासाठी अर्ज करतात काय?" आम्ही म्हणालो, एवढ्यासाठीच करतात. दुसऱ्या दिवशी शाखा सचिव तो अर्ज स्वतः घेऊन गेले. हा मजकूर लिहीपर्यंत तिला अवजारांच्या खोलीत सामान देण्याघेण्याचे, नोंदी ठेवण्याचे काम मिळाले आहे. बसावयास खुर्चीही आहे. मोठ्या मापाच्या बुटांचा अर्ज अजून टेबलावर पडून आहे. त्याचा पाठपुरावा चालू आहे, आणि बूट येईपर्यंत चालू राहील.

आपल्या शाखेत आज अशी किती भगिनी आहेत, हे प्रत्येक सचिवाने उद्या सकाळच्या हजेरीला पाहावे. चेहऱ्याकडे पाहून कळणार नाही, ती हसून "बरं आहे" म्हणेल. पायांकडे पाहा.

कामगार एकजुटीचा विजय असो!